शोधयंत्रांची वाटचाल आणि शोधप्रश्नाची मांडणी : मराठीतील संशोधनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

सारांश

इंटरनेटवरील शोधयंत्र हे आज महाविद्यालयीन अध्यापक व संशोधक यांचे पहिले संदर्भसाधन बनले आहे. तथापि या साधनाकडून मिळणाऱ्या उत्तराचा दर्जा हा विचारलेल्या प्रश्नाच्या मांडणीवर अवलंबून असतो, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात माहितीशोधाच्या तंत्राचा १८५४ पासूनचा विकास थोडक्यात मांडला असून, शोधकाच्या हातातील नियंत्रण क्रमाक्रमाने यंत्राकडे कसे गेले याचा आढावा घेतला आहे. देवनागरी लिपी व मराठी शुद्धलेखन यांच्या इतिहासामुळे मराठी साहित्याच्या शोधात निर्माण होणाऱ्या अडचणींचा स्वतंत्र विचार केला आहे. ‘सापडले नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ या दोन विधानांतील अंतर ओळखणे ही संशोधनाच्या प्रामाणिकपणाची अट आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : शोधयंत्र, शोधप्रश्न, नेमकेपणा, समावेशकता, देवनागरी, युनिकोड, संशोधनपद्धती.

१. प्रस्तावना

संशोधन आराखड्यात ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण अनिवार्य असते. त्याच्या अखेरीस ‘सदर विषयावर यापूर्वी संशोधन झालेले आढळत नाही’ असे वाक्य पुष्कळदा येते. एकेकाळी या वाक्यामागे ग्रंथालयांतील सूचिपत्रे, वाङ्मयसूची आणि जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड चाळण्याचे श्रम असत. आज त्यामागे अनेकदा शोधयंत्राच्या चौकटीत टाकलेले दोन-तीन शब्द आणि निकालाचे पहिले पान एवढेच असते. शोधयंत्राने काही दाखवले नाही म्हणजे त्या विषयावर काही लिहिलेच गेले नाही, असा निष्कर्ष नकळत काढला जातो. तो चुकीचा ठरल्यास आधीच्या अभ्यासकाचे श्रम पुसले जातात आणि नव्या अभ्यासकाचा पायाच डळमळीत होतो.

हा दोष केवळ व्यक्तीच्या आळसाचा नाही. शोधयंत्र हे साधन कशासाठी घडले, त्यात कोणत्या तडजोडी झाल्या आणि मराठी मजकूर त्यात कितपत सामावला गेला, याचा इतिहास ठाऊक नसल्याचाही तो परिणाम आहे. म्हणून शोधाचे तंत्र शिकण्यापूर्वी त्या तंत्राचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते.

२. पूर्वपीठिका : बूल, रंगनाथन आणि क्रॅनफिल्ड

शोधयंत्राच्या इतिहासाचा प्रारंभ संगणकाच्या कितीतरी आधी होतो. आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात गणिताचे प्राध्यापक असलेले जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या साध्या शब्दांना त्यांनी बीजगणिताचे रूप दिले. दोन संच ‘आणि’ने जोडले की निकाल आकुंचित होतो, ‘किंवा’ने जोडले की विस्तारतो, आणि ‘नाही’ने त्यातील काही भाग वगळला जातो. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी संगणकीय माहितीशोधाची पहिली भाषा याच तीन शब्दांवर उभी राहिली.

दुसरा टप्पा भारतीय आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. लंडनमध्ये ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेत असताना एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. थोड्याच सुट्या भागांपासून अनेक आकृत्या बनतात, मग थोड्याच मूलसंज्ञांपासून असंख्य विषय का बनू नयेत, हा विचार त्यांना त्यातून सुचला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेले द्विबिंदू वर्गीकरण हे त्याचे फलित होय. पुढे त्यांनी कोणत्याही विषयाचे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल अशा पाच मूलभूत कोटींत विश्लेषण करण्याची रीत सिद्ध केली. शोधप्रश्न मांडण्यापूर्वी विषयाचे पैलू वेगळे करावेत, हे आजच्या माहितीशोधाचे पहिले सूत्र मुळात रंगनाथनांच्या या रीतीतच आहे. १९३१ च्या त्यांच्या ‘ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतां’पैकी चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा आहे. शोधयंत्रांचे सारे प्रयोजन या एका सिद्धांतात सामावते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तिसरा टप्पा मूल्यमापनाचा. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६६ पर्यंत वेगवेगळ्या सूचीपद्धतींची प्रयोगाने तुलना केली. दुसऱ्या प्रयोगमालेत विमानविद्येवरील सुमारे १,४०० लेख वापरले गेले. या प्रयोगांतून दोन मापे रूढ झाली. मिळालेल्या निकालांपैकी खरोखर उपयुक्त किती, हा झाला नेमकेपणा. आणि संग्रहातील एकूण उपयुक्त लेखांपैकी हाती किती लागले, ही झाली समावेशकता. एक वाढवू गेल्यास सामान्यतः दुसरे घटते, हेही या प्रयोगांनी दाखवून दिले. या भेदाचे संशोधकाच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. व्याख्यानासाठी एखादी तारीख हवी असेल तर नेमकेपणा पुरतो. पूर्वसंशोधनाचा आढावा घ्यायचा असेल तर समावेशकता अपरिहार्य ठरते. शोधयंत्राचे पहिले पान हे नेमकेपणासाठी रचलेले असते, समावेशकतेसाठी नव्हे.

याच परंपरेत केंब्रिज येथील करेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये एक मूलगामी विचार मांडला. जो शब्द फार थोड्या लेखांत येतो, त्याचे शोधातील मूल्य अधिक. जो सर्वत्र आढळतो, त्याचे मूल्य कमी. ‘सामाजिक’, ‘अभ्यास’, ‘महाराष्ट्र’ अशा शब्दांनी शोध का पुढे सरकत नाही आणि एखाद्या दुर्मीळ पारिभाषिक संज्ञेने तो एकदम का उघडतो, याचे उत्तर या विचारात आहे.

३. मध्यस्थ ग्रंथपालाचा काळ

१९६० आणि १९७० च्या दशकांत मोठे माहितीसाठे संगणकावर आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मेडलार्स ही प्रणाली १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९७१ मध्ये मेडलाइन या नावाने ती दूरस्थ जोडणीद्वारे उपलब्ध झाली. लॉकहीड कंपनीची डायलॉग ही सेवा १९७२ पासून व्यावसायिक स्वरूपात मिळू लागली. जोडणीच्या वेळेनुसार पैसे मोजावे लागत असल्यामुळे शोधप्रश्न आधी कागदावर मांडणे भाग असे. अभ्यासक आपली गरज ग्रंथपालाला सांगे. ग्रंथपाल उलट प्रश्न विचारून ती नेमकी करून घेई, पर्यायी संज्ञा शोधी, बूलच्या तीन शब्दांनी त्यांची जुळणी करी आणि मगच यंत्रासमोर बसे.

ही पद्धत खर्चिक व संथ होती, हे खरे. परंतु तिने एक शिस्त निर्माण केली होती. प्रश्न विचारण्यापूर्वी प्रश्नाचा विचार होत असे. पुढे शोध विनामूल्य आणि तात्काळ झाला, तेव्हा मध्यस्थ नाहीसा झाला आणि त्याच्याबरोबर ती शिस्तही गेली. ही हानी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

४. जागतिक जाळे आणि पहिली शोधयंत्रे

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संस्थेत जागतिक जाळ्याची कल्पना मांडली आणि एप्रिल १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्यापूर्वीच, १९९० मध्ये, माँट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज यांनी ‘आर्ची’ हे साधन तयार केले होते. ते सार्वजनिक संगणकांवरील फायलींची केवळ नावे शोधू शकत असे, त्यांतील मजकूर नव्हे. डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात ‘जंपस्टेशन’ सुरू झाले. एप्रिल १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकर्टन यांच्या ‘वेबक्रॉलर’ने पानांवरील संपूर्ण मजकुराची सूची करण्यास आरंभ केला. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथील जेरी यांग व डेव्हिड फिलो यांनी ‘याहू’ ही विषयवार निर्देशिका उभी केली. तिच्यातील वर्गीकरण माणसे करीत. ग्रंथालयाच्या सूचिपत्राचे ते नवे रूप होते. जाळ्याच्या वाढीपुढे ते टिकले नाही आणि ही निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतर चारच महिन्यांनी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे ‘अल्टाव्हिस्टा’ लोकांसमोर आले. या यंत्रात बूलची तिन्ही पदे होती. शिवाय दोन शब्द एकमेकांच्या जवळ यावेत अशी अट घालणारे पदही होते. कुशल शोधकाला हे साधन फार सोयीचे वाटे. परंतु सर्वसामान्य वापरकर्ता निराळा होता. ‘एक्साइट’ या शोधयंत्राच्या १९९७ मधील ५१,४७३ शोधप्रश्नांच्या अभ्यासात एका प्रश्नात सरासरी २.२१ शब्द आढळले आणि बूलची पदे फारच थोड्यांनी वापरलेली दिसली. अल्टाव्हिस्टाच्या नोंदींवरील १९९९ च्या अभ्यासात सुमारे ८५ टक्के शोधांमध्ये निकालांचे पहिलेच पान पाहिले गेले होते.

शोधयंत्रे सर्व जाळे व्यापतात हा समजही त्याच काळात खोटा ठरला. स्टीव्ह लॉरेन्स व सी. ली जाइल्स यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, तत्कालीन सुमारे ८० कोटी पानांपैकी १६ टक्क्यांहून अधिक पानांची सूची कोणत्याही एका शोधयंत्राकडे नव्हती. आकडे आता बदलले असले तरी मूळ मुद्दा कायम आहे. शोधयंत्र जाळे शोधत नाही. ते जाळ्याविषयी स्वतः तयार केलेली सूची शोधते.

५. गूगल : दुव्यांची साक्ष

पाने वाढली तसा क्रमवारीचा प्रश्न बिकट झाला. एखादा शब्द पानावर शेकडो वेळा लिहून यंत्राला फसवणे सोपे होते. स्टॅनफर्ड येथील सर्गेई ब्रिन व लॉरेन्स पेज यांनी १९९८ मध्ये ब्रिस्बेन येथील परिषदेत सादर केलेल्या निबंधात तत्कालीन स्थितीचे एक बोलके उदाहरण दिले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार प्रमुख व्यावसायिक शोधयंत्रांपैकी केवळ एकच यंत्र स्वतःचे नाव शोधले असता पहिल्या दहा निकालांत स्वतःला दाखवू शकत होते.

ब्रिन व पेज यांचा उपाय विद्वज्जगतातूनच आला होता. एखाद्या शोधनिबंधाचा निर्देश इतरांनी किती केला यावरून त्याचे महत्त्व जोखावे, या विचारावर युजीन गारफिल्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६४ पासून प्रसिद्ध होत होती. पानाकडे येणारा प्रत्येक दुवा म्हणजे एक निर्देश, आणि महत्त्वाच्या पानाकडून आलेला दुवा अधिक वजनाचा, असे तत्त्व या दोघांनी स्वीकारले. सुमारे २.४ कोटी पानांवर उभी केलेली त्यांची रचना म्हणजेच गूगल. सप्टेंबर १९९८ मध्ये तिची कंपनी झाली.

या तत्त्वाचा एक परिणाम प्रादेशिक भाषांच्या दृष्टीने गंभीर आहे. ज्या लेखनाकडे कोणी दुवा दिला नाही, ते क्रमवारीत खाली राहते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेला उत्तम मराठी लेख आणि त्याच विषयावरील वरवरचा पण बहुचर्चित मजकूर यांत यंत्र दुसऱ्याला पुढे आणील, कारण दुव्यांची संख्या प्रसिद्धीचे मोजमाप आहे, सत्याचे नव्हे. आणखी एक गोष्ट उल्लेखनीय आहे. जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल, असा इशारा १९९८ च्या त्याच निबंधात स्वतः ब्रिन व पेज यांनी दिला होता. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने शोधशब्दांवर आधारित जाहिरातयोजना सुरू केली.

६. शोधकाच्या हातातील साधनांचा संकोच

पुढील पंचवीस वर्षांचा इतिहास एका दिशेने सरकताना दिसतो. डिसेंबर २००९ पासून गूगलने सर्वच वापरकर्त्यांसाठी व्यक्तिसापेक्ष निकाल लागू केले. एकाच प्रश्नाला दोन व्यक्तींना निरनिराळे उत्तर मिळू लागले. शब्द सक्तीने असावा असे सांगणारे अधिकचिन्ह २०११ मध्ये काढून घेण्यात आले. समानार्थी शब्द मागवणारे चिन्ह २०१३ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी अल्टाव्हिस्टाही मिटले. २०१९ मध्ये वाक्याचा अर्थ लावणारे भाषिक प्रतिमान शोधात आले. साठवलेली जुनी प्रत दाखवण्याची सोय २०२४ मध्ये संपुष्टात आली. त्याच वर्षी निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला सारांश दिसू लागला.

या बदलांमुळे सामान्य प्रश्नांची उत्तरे निश्चितच सुलभ झाली. शुद्धलेखन चुकले तरी यंत्र समजून घेते, वाक्यात विचारलेला प्रश्नही ते उकलते. मात्र यंत्र जेव्हा प्रश्नाचा अर्थ स्वतः लावते, तेव्हा ते विचारलेल्या प्रश्नाऐवजी बहुसंख्य लोक विचारतात त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा संभव असतो. संशोधकाचा प्रश्न तर व्याख्येनेच अल्पसंख्य असतो. सारांशाच्या बाबतीत धोका अधिक आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी सादर केलेले काही न्यायनिवाडे संभाषण करणाऱ्या यंत्राने रचलेले होते. प्रत्यक्षात ते अस्तित्वातच नव्हते. एकीकडे असलेले सापडत नाही, दुसरीकडे नसलेले सापडते. दोन्ही बाबतींत पडताळणीची जबाबदारी माणसाचीच राहते.

७. देवनागरीचा प्रश्न

मराठी साहित्याच्या शोधात वरील अडचणींखेरीज आणखी काही अडचणी आहेत. त्यांचे मूळ लिपी व लेखन यांच्या इतिहासात आहे.

पहिली अडचण संकेतनाची. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु प्रत्यक्ष छपाई व टंकलेखन अनेक वर्षे निरनिराळ्या खाजगी टंकांवर चालले. अशा टंकात पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षर किंवा चिन्हच साठवलेले असते. शोधयंत्र आकार पाहत नाही, संकेत पाहते. परिणामी १९९० च्या दशकापासून अशा टंकांत जुळवलेले कित्येक मराठी शोधनिबंध, स्मरणिका व महाविद्यालयीन नियतकालिके आज जाळ्यावर असूनही मराठी शब्दांनी सापडत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात प्रबंध मोठ्या प्रमाणावर जमा झाले. पण त्यांतील अनेक मराठी प्रबंध चित्ररूपात किंवा जुन्या टंकांत आहेत. त्यांचे शीर्षक व लेखकनाम शोधता येते, आतला मजकूर नाही.

दुसरी अडचण युनिकोडच्या आतली. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीचे लेखन ‘अ’ला चंद्र जोडून किंवा हिंदीतील ‘ऍ’ वापरून झाले आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्ध्या रफाराचेही दोन प्रकारे संकेतन होते. छापील कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ती भिन्न असू शकतात.

तिसरी अडचण शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या लेखनात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुंबईंत’, ‘सालीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आणि ‘कवि’, ‘गुरु’ अशी ऱ्हस्वान्त रूपे सर्रास आढळतात. काही प्रकाशनांनी ‘अि’, ‘अु’ अशी स्वराक्षरेही काही काळ वापरली. आजच्या नियमानुसार टंकलेला शब्द या जुन्या मजकुरापर्यंत पोहोचेलच असे नाही.

चौथी अडचण व्याकरणाची. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. ‘घोडा’ शोधणाऱ्याला ‘घोड्याच्या’ हे रूप, आणि ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यासाठी’ हे रूप मिळण्याची हमी नसते. आजची यंत्रे काही रूपे ओळखतात. तरी इंग्रजीइतका भरवसा मराठीत ठेवता येत नाही.

८. शोधप्रश्नाची मांडणी : एक उदाहरण

वरील इतिहासाचा व्यवहारात कसा उपयोग होतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगची साथ उघड झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर हल्ला झाला. या साथीत लोकांनी सरकारी उपायांना दिलेला प्रतिसाद, असा विषय आहे असे समजू. ‘महाराष्ट्रातील प्लेगचा इतिहास’ असे टंकल्यास बहुधा तेच ते संक्षिप्त लेख पुढे येतील.

रंगनाथनांच्या रीतीने विषय उलगडला तर त्याचे पैलू वेगळे होतात : रोग, रोगाचे उपाय, लोकांची कृती, स्थळ आणि काळ. प्रत्येक पैलूसाठी पर्यायी शब्दांची यादी करावी. रोगासाठी ‘प्लेग’ याबरोबरच ‘ग्रंथिक सन्निपात’ ही संज्ञा घ्यावी. ती दुर्मीळ असल्याने स्पार्क जोन्स यांच्या न्यायाने अधिक कामाची ठरते. स्थळासाठी ‘पुणे’ याबरोबर ‘पुणें’, ‘पुण्यांत’ ही रूपे घ्यावीत. इंग्रजी साधनांत शोधताना आजचे स्पेलिंग पुरत नाही. बाँबे, पूना, ठाणा, शोलापूर, नासिक हे उच्चार दर्शवणारी जुनी स्पेलिंगे वापरल्याखेरीज त्या काळातील गॅझेटियर व सरकारी अहवाल हाती लागत नाहीत. व्यक्तिनामेही उपयोगी पडतात : मुंबईच्या प्लेग समितीचे प्रमुख गॅटेकर, किंवा मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन.

यानंतर जुळणी. एका पैलूतील पर्याय ‘किंवा’ या अर्थाच्या रोमन लिपीतील ‘ऑर’ने जोडावेत, भिन्न पैलू शेजारी लिहावेत. निश्चित शब्दसमूह अवतरणचिन्हांत द्यावा. नको असलेला अर्थ वजाचिन्हाने वगळावा. अल्बेर काम्यू यांची ‘द प्लेग’ ही कादंबरी वारंवार पुढे येत असल्यास त्यांचे नाव वजा करावे. ‘साइट’ या रोमन आज्ञेपुढे अपूर्णविराम देऊन एखाद्याच संकेतस्थळात शोध घेता येतो. ‘फाइलटाइप’ या आज्ञेने केवळ पीडीएफ मागवता येतात. रंगनाथनांनी आपल्या वर्गीकरणात पैलू जोडण्यासाठी याच अपूर्णविरामाची योजना केली होती.

मात्र एकाच यंत्रावर थांबू नये. दुसरे शोधयंत्र, गूगल स्कॉलर, शोधगंगा, इंटरनेट अर्काइव्ह आणि विषयाशी संबंधित विशेष संग्रह स्वतंत्रपणे पाहावेत. उदाहरणार्थ, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे सरकारी अहवाल डिजिटल स्वरूपात खुले केले आहेत. अशा संग्रहांच्या अंतर्गत शोधातून मिळणारी साधने सर्वसाधारण शोधयंत्राच्या पहिल्या पानावर येतीलच असे नाही. एखादा उपयुक्त लेख मिळाला की त्याच्या तळटीपांतून मागे आणि त्याचा निर्देश करणाऱ्या लेखांतून पुढे जावे. गारफिल्ड यांनी दाखवलेला हा मार्ग अजूनही सर्वांत विश्वासार्ह आहे. प्रत्येक शोधाची तारीख, यंत्र आणि नेमका शोधप्रश्न यांची नोंद वहीत ठेवावी, कारण निकाल बदलतात आणि पाने नाहीशी होतात.

९. निष्कर्ष

शोधतंत्राच्या या वाटचालीतून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शोध घेणे ही यांत्रिक क्रिया नसून विषयाच्या विश्लेषणाची बौद्धिक क्रिया आहे. बूल, रंगनाथन आणि क्लेव्हरडन यांचे कार्य आजही तिचा पाया आहे. दुसरी, शोध जसजसा सुलभ झाला तसतशी शोधकाच्या हातातील साधने कमी होत गेली; म्हणून उरलेल्या साधनांचा जाणीवपूर्वक वापर अधिक आवश्यक झाला आहे. तिसरी, मराठीतील लेखन न सापडण्याची कारणे अनेकदा संकेतन, शुद्धलेखन व व्याकरण यांत दडलेली असतात. लेखनाच्या अभावात नव्हे.

यावरून दोन कर्तव्ये उद्भवतात. ‘संशोधन झालेले आढळत नाही’ असे लिहिणाऱ्याने कोठे, केव्हा व कोणत्या शब्दांनी शोध घेतला हे नमूद करावे; मार्गदर्शकाने ते विचारावे. दुसरे कर्तव्य महाविद्यालयांचे आहे. आपल्या नियतकालिकांचे जुने अंक खाजगी टंकांतून युनिकोडमध्ये आणणे, त्यांची शीर्षके व बीजशब्द मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत देणे, ही कामे ग्रंथपाल, अध्यापक आणि विद्यार्थी यांनी मिळून करण्याजोगी आहेत. ती झाली नाहीत तर एका पिढीचे मराठी संशोधन कपाटात सुरक्षित राहूनही पुढच्या पिढीच्या दृष्टीने न लिहिल्यासारखेच होईल.